एक गाडी, पाच गावे

१९८५ च्या सुमारास आपल्याकडे एक नवी मोटार आली. नाव जरा रुक्षच होते : प्रीमियर ११८ एनई. चौकोनी अंग, चौकोनी दिवे, मागे ऐसपैस डिकी. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या गोलाईला सरावलेल्या डोळ्यांना ती एकदम ‘फॉरेन’ वाटे. ज्यांच्या दारात ती उभी असे, त्या घराकडे गल्लीतली माणसे जरा वळून बघत. आज तिशीच्या आतल्या बहुतेकांना ही गाडी आठवणार नाही. आई-बाबांना विचारा, आठवेल.

आता कल्पना करा, या गाडीचा फोटो तुम्ही तीन परदेशी माणसांना दाखवलात. मॉस्कोचा माणूस म्हणेल, “अरे, ही तर आमच्या झिगुलीची बहीण!” इस्तंबूलचा म्हणेल, “आमची मुरात.” बार्सिलोनाचा तर शपथेवर सांगेल की हे सेआतचे मॉडेल आहे आणि त्याच्या आजोबांकडे ते होते. गंमत म्हणजे तिघेही बरोबर. या सगळ्या गाड्यांचे माहेर एकच, इटलीतले तुरीन शहर. आणि त्यांची मूळ आई एकच, फियाट १२४.

एकच गाडी पाच देशांत जाऊन पाच वेगळी नावे, पाच वेगळे स्वभाव कसे घेते, आणि त्यातली कुठली टिकते, कुठली विरून जाते, याची ही गोष्ट आहे.

माहेर : तुरीन

१९६६ मध्ये फियाटने १२४ बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतरची वीस वर्षे सरली होती. इटलीतल्या मध्यमवर्गाच्या हातात पैसा येऊ लागला होता. छोट्या फियाट ५०० किंवा ६०० मध्ये चार माणसे दाटीवाटीने बसवण्याचे दिवस संपत आले होते. आई, वडील, दोन-तीन मुले आणि सुटीचे सामान नीट मावेल अशी, पण खिशाला फार न चावणारी गाडी हवी होती.

१२४ दिसायला अगदी साधी होती. लहान मुलाला मोटार काढ म्हटले तर तो काढेल तशी : पुढे बॉनेट, मधे बसायची जागा, मागे डिकी. पण पत्र्याखाली बराच विचार होता. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. त्या काळी या किमतीच्या गाडीत ही चैनच. मागच्या चाकांना बैलगाडीची आठवण करून देणारे पाटे नव्हते, स्प्रिंगा होत्या. ११९७ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन ज्यांनी बनवले ते ऑरेलिओ लाम्प्रेदी पूर्वी फेरारीसाठी शर्यतीच्या गाड्यांची इंजिने बनवत. गाडी हलकी होती, त्यामुळे पळायलाही चपळ. १९६७ साठीचा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा किताब तिने मिळवला.

इटलीत ही गाडी जेमतेम आठ वर्षे बनली. १९७४ मध्ये तिच्या जागी फियाट १३१ आली. एरवी गोष्ट इथेच संपली असती. पण तोवर तिची लग्ने ठरली होती.

गाडी दुसऱ्या देशात जाते म्हणजे काय?

मोटारीचा परवाना घेणे म्हणजे फक्त नकाशे घेणे नव्हे. दार, टप, बॉनेट, मडगार्ड हे भाग पत्रा दाबून काढायचे तर त्यासाठी पोलादाचे भलेमोठे डाय लागतात. नवी गाडी काढायची म्हटली की सर्वांत जास्त पैसा ज्या गोष्टींत जातो, त्यांपैकी हे डाय एक. मूळ कंपनीने मॉडेल बदलले की तिच्यासाठी हे डाय अडगळ ठरतात. पण ज्या देशाला आपल्याकडे मोटार बनवायची आहे आणि ती शून्यातून आखायला ज्याच्याकडे वेळ, पैसा, अनुभव नाही, त्याला तीच अडगळ सोन्यासारखी.

सुरुवात बहुधा सुटे भाग आणून जोडण्यापासून होते. मग हळूहळू काच, टायर, सीट, बॅटरी, रेडिएटर आपल्याकडचे होतात. शेवटी इंजिन. या वाटेवर प्रत्येक देशाला एक प्रश्न पडतो : आपल्या रस्त्याला, हवेला, पेट्रोलला, गिऱ्हाइकाच्या खिशाला ही गाडी मानवेल का? नसेल, तर काय बदलायचे? त्याची उत्तरे गाडीच्या अंगावर उमटत जातात.

व्होल्गाकाठची झिगुली

सर्वांत मोठे उत्तर दिले सोव्हिएत संघाने. ऑगस्ट १९६६ मध्ये मॉस्कोत फियाटशी करार झाला. कारखान्यासाठी जागा निवडली व्होल्गा नदीच्या काठी. धरणाच्या पाण्याखाली गेलेले जुने स्ताव्रोपोल गाव १९५० च्या दशकात उचलून नव्या जागी वसवले होते. १९६४ मध्ये इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे नेते पाल्मिरो तोल्याती वारले आणि या गावाला त्यांचे नाव मिळाले. इटालियन नेत्याच्या नावाच्या गावात इटालियन गाडी बनू लागली. कारखाना वर्षाला सहा लाखांहून अधिक गाड्या काढील असा आखलेला होता. त्या काळी भारतातले तीनही मोटार कारखाने मिळून वर्षाला एक लाखही गाड्या काढत नव्हते, हे लक्षात घ्या.

पण त्याआधी मूळ फियाट रशियाच्या रस्त्यांवर चालवून पाहिली गेली आणि तिचे हाल झाले. इटलीच्या गुळगुळीत रस्त्यांवर शोभणारी बॉडी खडबडीत रस्त्यांवर तडकू लागली. मागच्या डिस्क ब्रेकमध्ये चिखल आणि खडी जाऊन ते झपाट्याने झिजू लागले. मग आठशेहून अधिक बदल झाले. मागे बंदिस्त ड्रम ब्रेक आले, कारण त्यांत घाण शिरत नाही. बॉडीचा पत्रा जाड झाला, गाडी जमिनीपासून उंच झाली, सस्पेन्शन दणकट झाले. इंजिनही बदलले : झडपा हलवणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या डोक्यावर बसवला, तशी आधुनिक रचना रशियन अभियंत्यांनी आग्रहाने मागून घेतली. आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरीने मान टाकली तर हँडल मारून गाडी सुरू करायची सोयही ठेवली.

आता गंमत पाहा. डिस्क ब्रेकच्या जागी ड्रम ब्रेक म्हणजे कागदावर एक पाऊल मागे. पण तिथल्या माणसाला घरी सुखरूप पोचवणारा ब्रेक तोच होता.

एप्रिल १९७० मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. नाव वाझ-२१०१. लोकांसाठी ती झिगुली, व्होल्गाकाठच्या डोंगरांच्या नावावरून. पुढे लाडाने तिला ‘कोपेयका’ म्हणू लागले, म्हणजे आपल्याकडचा ‘पैसा’, मॉडेलच्या आकड्यातल्या एकावरून. परदेशात मात्र ‘झिगुली’ हा उच्चार ‘जिगोलो’ या शब्दाच्या फार जवळ जाऊ लागला, म्हणून निर्यातीसाठी नाव ठेवले लाडा.

या लाडाची कीर्ती गावागावांत वेगळी. ब्रिटनमध्ये ती स्वस्त गाडी म्हणून आली आणि विनोदाचा विषय झाली. ‘लाडाच्या मागच्या काचेला हीटर का असतो? ढकलताना हात गरम राहावेत म्हणून,’ हा त्यांतलाच एक. त्याच सुमारास सोव्हिएत संघात तीच गाडी मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षे यादीत नाव लावून बसत. क्युबात ती आजही टॅक्सी म्हणून धावते. एक २१०१ आणि तिच्या थेट आवृत्त्याच सुमारे ४८ लाख बनल्या. तिच्यापासून निघालेल्या पुढच्या सगळ्या बहिणी धरल्या तर आकडा दीड कोटीच्या वर जातो. रशियात या घराण्याची शेवटची गाडी २०१२ मध्ये बनली. माहेरी जी आठ वर्षांत संपली, ती सासरी बेचाळीस वर्षे नांदली.

बार्सिलोना आणि बुर्सा

स्पेनमध्ये सेआत ही कंपनी १९५० मध्ये सरकार, बँका आणि फियाट यांच्या भागीदारीत उभी राहिली होती. १९६८ पासून बार्सिलोनात सेआत १२४ बनू लागली. १९६९ मध्ये तिचीच थोडी श्रीमंत बहीण सेआत १४३० आली. १९७५ मध्ये स्पॅनिश मंडळींनी गाडीचा चेहरा बदलला, गोल दिव्यांच्या जागी चौकोनी दिवे आले. हा चेहरा लक्षात ठेवा, तो पुढे मुंबईत भेटणार आहे. या गाडीने नुसती कुटुंबे वाहिली नाहीत. १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत तिसरा आणि चौथा क्रमांक सेआत १२४ चा होता. १९८० मध्ये स्पेनमधले उत्पादन थांबले आणि डाय मोकळे झाले.

तुर्कस्तानात उद्योगपती वेहबी कोच यांनी फियाटच्या साथीने १९६८ मध्ये तोफाश कंपनी काढली. १९७१ मध्ये बुर्सा शहरात ‘मुरात १२४’ बनू लागली. मुरात म्हणजे आपल्या ओळखीचा ‘मुराद’ : इच्छा, मनोरथ. सामान्य तुर्क माणसाचे मोटारीचे स्वप्न या नावातच होते. लोकांनी तिला ‘हाजी मुरात’ असे टोपणनाव दिले, एखाद्या गावातल्या भल्या म्हाताऱ्याला द्यावे तसे. १९७६ मध्ये ती बंद झाली, पण १९८४ मध्ये चेहरा थोडा बदलून परत आली. या वेळी नाव ‘सेर्चे’, म्हणजे चिमणी. कारण तोफाशच्या इतर गाड्यांना शिकारी पक्ष्यांची नावे होती : शाहीन, ससाणा, गरुड. घरातली सर्वांत स्वस्त, सर्वांत लहान ती चिमणी.

दक्षिण कोरियातही एक छोटे बिऱ्हाड झाले. ग्वांगजू शहरात एशिया मोटर्सने १९७० ते १९७३ या काळात फियाट १२४ जोडली. ही एशिया मोटर्स १९७६ मध्ये किया कंपनीने घेतली. आज आपल्या रस्त्यांवर जी किया दिसते, तीच ही किया.

कुर्ल्याची ११८ एनई

आता आपल्या घरी येऊ. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकन गाड्या जोडल्या, पुढे फियाटशी संबंध जुळला. १९५४ पासून आलेली फियाट ११००, तीच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच. त्यांतली अखेरची नोंदणीकृत टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेखच लिहिले.

१९८० च्या दशकात आपल्याकडे मोटारींचे वारे फिरले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. परवान्यांचे दार जरा किलकिले झाले आणि जुन्या कंपन्यांनी युरोपच्या बाजारातून निघालेल्या गाड्यांकडे धाव घेतली. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा म्हणजे ब्रिटनमधली व्हॉक्सहॉल. मद्रासच्या स्टँडर्डने रोव्हरवरून स्टँडर्ड २००० काढली. प्रीमियरने सेआत १२४ ची बॉडी घेतली, तीच १९७५ च्या चौकोनी चेहऱ्याची.

इंजिन मात्र इटालियन नव्हते, स्पॅनिशही नव्हते. ते होते जपानच्या निसानचे, ११७१ सीसीचे, सुमारे ५२ अश्वशक्तीचे. सोबत निसानचाच चार गिअरचा बॉक्स. ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन. त्या काळी जपानी तंत्र भारतात चहूकडून येत होते. इंदूरजवळच्या पिथमपूरला आयशर-मित्सुबिशीचे छोटे ट्रक बनू लागले, हैदराबादजवळच्या झहीराबादला ऑल्विन-निसानचे. त्या लाटेतच हेही आले. म्हणजे आराखडा तुरीनचा, चेहरा बार्सिलोनाचा, काळीज जपानचे आणि हात कुर्ल्याचे. पद्मिनीच्या स्टिअरिंगजवळच्या गिअरला सरावलेल्या माणसाला जमिनीवरचा गिअर, वेगळ्या पुढच्या सीटा आणि मोकळ्या काचा यांचे मोठेच अप्रूप होते.

पण आखणी १९६६ ची, आणि बाजार १९८५ चा. हलकी, कमी पेट्रोल पिणारी मारुती तोवर घराघरांत पोचू लागली होती. १९९१ नंतर नव्या कंपन्या आल्या. ११८ एनई मागे पडत गेली आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीबरोबरच तिचाही निरोप झाला.

कोण टिकले?

अशा गाड्यांना ‘नक्कल’, ‘उतरलेला माल’ म्हणून हिणवणे सोपे असते. मला ते पटत नाही. रशियन ड्रम ब्रेक, तुर्की चिमणी, आपले जपानी इंजिन, यांतले प्रत्येक उत्तर तिथल्या माणसांनी तिथल्या गरजेतून शोधले होते. आपल्यासारख्या घरांना हे वेगळे सांगायला नको. इंदुरात पोह्यांवर शेव आणि जिरावण पडते, म्हणून ते पोहे राहत नाहीत असे कोणी म्हणत नाही. बडोद्याची मराठी, हैदराबादची मराठी, बेळगावची मराठी यांचा हेल वेगळा आहे, आणि त्या हेलातच कैक पिढ्यांचा मुक्काम ऐकू येतो.

तरीही खरा प्रश्न पुढचा आहे. परक्या गाडीला आपलेसे केले, ठीक. पण त्यावर आपण काय उभे केले?

रशियन अभियंत्यांनी झिगुलीचे कितीतरी सुटे भाग घेऊन १९७७ मध्ये स्वतःच्या डोक्याने एक छोटी चारचाकी-चालनाची गाडी बनवली : निवा. ती आजही बनते. पण मूळ झिगुलीला मात्र ते दिवे आणि जाळ्या बदलत तशीच चालवत राहिले, आणि जग पुढे निघून गेले. स्पेनच्या सेआतने १९७५ मध्ये बार्सिलोनाजवळ मार्तोरेलला स्वतःचे तांत्रिक केंद्र काढले. फियाटने साथ सोडली तेव्हा ती फोक्सवॅगनकडे गेली, पण कारखाना आणि माणसे शाबूत राहिली. सर्वांत समाधान देते ते बुर्सा. जिथे मुरातचे सुटे भाग जोडायला सुरुवात झाली, तिथल्याच अभियंत्यांच्या सहभागातून २०१५ मध्ये फियाटची नवी सेडान आली. तुर्कस्तानात ती एजिया, युरोपात टिपो. एकेकाळी तुरीनकडून धडे घेणारे बुर्सा आता तुरीनला गाडी पुरवू लागले.

आणि आपण? कुर्ल्याने डाय आणले, इंजिन आणले, पण स्वतःची गाडी आखण्याची पायरी तिथे चढली गेली नाही. ती चढली पुण्यात. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली. तिच्या दिसण्याच्या आखणीत मदत घेतली होती तुरीनमधल्याच एका आराखडा संस्थेची, आणि कारखान्यातली बरीच यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद प्रकल्पातून आणलेली होती. पुन्हा तुरीन, पुन्हा निसान! फरक एवढाच की या वेळी कुठली गाडी करायची, कोणासाठी करायची, आत किती जागा ठेवायची, हे पुण्यात ठरले. अँबॅसडरइतकी ऐसपैस आणि मारुतीइतकी आटोपशीर, हा हट्ट आपला होता. कौशल्य उसने घेतले तरी प्रश्न स्वतःचा असला की जे तयार होते ते आपले असते.

फियाट १२४ च्या पाच गावांचा हिशेब असा आहे. मिळालेला वारसा जपणाऱ्यांनी तो काही काळ चालवला. त्यात भर घालणाऱ्यांनी तो पुढच्या पिढीच्या हाती दिला.

तेव्हा येत्या रविवारी घरातला जुना अल्बम काढा. एखाद्या लग्नात, सहलीत, देवळाबाहेर मागे उभी असलेली चौकोनी दिव्यांची गाडी सापडली, तर फोटोतल्या माणसांबरोबर तिचीही ओळख करून घ्या. ती कोणाची होती, कुठून कुठे गेली होती, घाटात तापली होती का, हे काका-मामांना विचारा. हकिगत लांबली तर लांबू द्या. व्होल्गाकाठी, बुर्सात आणि बार्सिलोनातही कोणीतरी आपल्या काकांना याच गाडीबद्दल विचारत बसले असेल.